पेन्सिलीच्या आधी

जून लागला की किनवट तालुक्यातल्या अंगणवाड्यांत नवी लेकरं येतात. तिसरं वर्ष नुकतंच सरलेलं, नाक अजून आईच्या पदराला पुसणारी. आईच्या पिशवीत बहुतेक वेळा तीन वस्तू असतात: दुरेघी वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर. कापसाच्या रानात दिवसभर निंदणारी बाई मजुरीतून पैसे बाजूला काढून या वस्तू घेते, तेव्हा त्यांत तिचा जीव असतो. "ताई, माझ्या लेकराला लिहायला कवा लावता?" हा तिचा पहिला प्रश्न. ती पेन्सिल तिच्या हाती परत देऊन "ही अजून जपून ठेव, माय" असं सांगणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात नाजूक काम आहे. ते मी आग्रहानं करत आले आहे.

मी आधी सेविका होते, नंतर पर्यवेक्षिका झाले. माझ्या बीटमध्ये बंजारा तांडे आहेत, गोंडांचे गुडे आहेत, कोलामांचे पोड आहेत. मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलणारी घरंही आहेत. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, दुसऱ्या अंगाला आदिलाबाद. इतक्या वेगळ्या घरांतून आलेल्या लेकरांच्या हातात पहिल्यांदा काय द्यायचं हे ठरवायला मी हळूहळू एकच कसोटी धरली. वस्तू हातात सैल धरायची आणि कागदावर नुसती ओढायची. दाब न देता रंग उठला, तर ती लहान लेकराची. जोर लावल्याशिवाय खूण उमटत नसेल तर ती अजून त्याची नाही, मग ती कितीही महाग असो.

या कसोटीमागं शरीराचं कारण आहे. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही हाड तयार नसतं, सगळी कूर्चा असते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर निम्मीसुद्धा दिसत नाहीत, आणि शेवटचं, वाटाण्याएवढं हाड दिसायला नववं-दहावं वर्ष उजाडतं, कधी त्याहून उशीर. असल्या मनगटाला बारीक, गुळगुळीत दांडी तीन बोटांत धरून दोन रेघांच्या मध्ये ‘अ’ बसवायला लावायचं, तर लेकरू पेन्सिल आवळून धरतं. बोटांची टोकं पांढरी पडतात. जीभ बाहेर येते, खांदा कानाला लागतो, श्वास अडकतो. कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवा, अक्षरं उठून लागतात. एवढी ताकद त्या लेकरानं नुसती खूण उमटवायला घालवलेली असते.

हात कसा तयार होतो ते सेविकेला रोज समोर दिसतं. दीड वर्षाचं लेकरू खडू मुठीत धरतं आणि सगळा हात खांद्यापासून फिरवतं. अडीच-तीन वर्षांचं लेकरू बोटं टोकाकडं आणतं, तळवा खाली वळवतं, आता कोपर कामाला लागलेलं असतं. चौथ्या वर्षाच्या आसपास अंगठा आणि दोन बोटं खडू पकडू लागतात, तरी हलतो तो पूर्ण पंजाच. बोटं आपली आपण हलून बारीक वळणं काढू लागतात ती पाचव्या-सहाव्या वर्षी. हा क्रम मागेपुढे होतो, पण त्यातली पायरी गाळता येत नाही. ज्या घरी लेकराला दोन वर्षांचं असतानाच पेन्सिल पकडायला शिकवलेलं असतं, त्या घरची मुलं पुढं जातात असं मला कधी दिसलं नाही. अंगठा आत दाबून, चार बोटं वरून वेटाळून धरायची सवय मात्र त्यांना लागते, आणि ती मोडायला पहिली-दुसरीच्या गुरुजींना घाम फुटतो.

म्हणून सगळ्यात लहानांसाठी, म्हणजे अजून अंगणवाडीत न येणाऱ्या, गृहभेटीत अंगणात भेटणाऱ्या लेकरांसाठी, मी कुंचा आणि पाणी सुचवते. भिंत सारवून पोतारायचा केकताडाचा जुना कुंचा जवळजवळ प्रत्येक घरी सापडतो. तो स्वच्छ धुवायचा. चुना लागलेला असेल तर तो पूर्ण निघेपर्यंत धुवायचा, कारण चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मग गडूभर पाणी आणि घराची उन्हात तापलेली दगडी पायरी. लेकरू कुंचा बुडवतं, पायरीवर ओढतं, काळीभोर रेघ उमटते, आणि बघता बघता उडून जाते. ते पुन्हा बुडवतं. खांदा मोकळा फिरतो, मनगट मागं वळतं, कागद फाटत नाही, भिंत खराब होत नाही, कुणी ओरडत नाही. रंग पोटात जायची भीती नाही. घरातली माणसं आधी याला लिहिण्यात धरतच नाहीत. मी त्यांना लेकराचा हात बघायला लावते, पायरीकडं नाही.

अंगणवाडीत आल्यावर खडू. फळ्यावरचा साधा पांढरा खडू हे माझ्या मते तीन वर्षांच्या मुलाचं उत्तम साहित्य आहे, फक्त फळा योग्य जागी हवा. आमच्या जुन्या खोल्यांत फळे मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेले होते. काही गावांत सरपंचांना सांगून भिंतीचा खालचा पट्टा, जमिनीपासून मुलाच्या डोक्यापर्यंत, फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवून घेतला. उभ्या भिंतीवर लिहिताना मनगट आपोआप मागं वळतं, आणि पुढं पेन्सिल धरायला मनगट तसंच वळावं लागतं. आडव्या वहीवर ते शिकवावं लागतं, भिंतीवर ते न सांगता होतं. उभं राहून, दोन पावलं चालत, लांबच लांब रेघ ओढणारं लेकरू बघताना मला फार समाधान वाटतं. रंग घेताना एवढं जरूर पाहावं की डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं आहे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा जुना रंग भिंतीवर असेल तर तो खरवडताना उडणारी धूळ लेकरांपासून लांबच ठेवावी.

पाटीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. पाटी पुसता येते, वर्षानुवर्षं टिकते, कागदाचा खर्च नाही. लेकराला चूक झाली तरी ओल्या बोटानं ती नाहीशी होते. पण पाटीवरची पेन्सिल बारीक आणि कडक असते, दाबून ओढावी लागते, आणि ती खाल्ली जाते. मराठवाड्यात असं घर विरळा, जिथं कुणी ना कुणी लहानपणी पाटीची पेन्सिल कुरतडली नाही. मोठी माणसं त्यावर हसतात. मी हसत नाही. जे लेकरू रोज पेन्सिल, खडू, चुलीची माती, भिंतीचे पोपडे शोधून खातं, त्याच्या अंगात रक्त कमी असू शकतं. असं लेकरू दिसलं की सेविकेनं त्याचं नाव आरोग्य केंद्राच्या तपासणीसाठी पुढं करावं, आणि आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध खरंच पोटात जातंय का ते आईला विचारावं. मार देऊन ही सवय जात नाही. पाटीवर मी साधा फळ्याचा खडूच वापरायला सांगते. तो मऊ आहे, जाड आहे, आणि कुणी खात असेल तर लगेच ओठांवर दिसतो.

आमच्या भागात पाटीला आणखी एक मान आहे. किनवटहून आदिलाबाद-मुदखेड मार्गाच्या गाडीनं मुदखेडला यायचं, तिथून धर्माबादच्या वाटेनं गोदावरीकाठच्या बासरला. तिथं सरस्वतीचं मंदिर आहे आणि मुलाचा अक्षराभ्यास करायला तेलंगणातून तशीच नांदेड जिल्ह्यातूनही माणसं जातात. वसंत पंचमीला तर गर्दी मावत नाही. नवी पाटी, नवा खडू, बापाच्या मांडीवर बसलेलं लेकरू, आणि त्याचा हात धरून गिरवलेलं पहिलं अक्षर. मला हा विधी आवडतो. शिकणं हे पूजेइतकं मोलाचं आहे हे घर लेकराला सांगतं. परत आल्यावर घरच्यांना वाटतं, आता लिहिणं सुरू झालं, रोज पाच अक्षरं गिरवून घ्यायची. तिथं मी म्हणते, सरस्वतीपुढं बापानं हात धरला तो एक दिवस; आता तीच पाटी लेकराच्या ताब्यात द्या, तिच्यावर ते जे ओढेल ते ओढू द्या. बासरला जाऊन आलेली पाटी फळीवर उंच ठेवून द्यायची पद्धत काही घरांत आहे. ती खाली काढायला लावणं म्हणजे देवाचा अपमान नव्हे, हे पटवायला आजीचीच मदत घ्यावी लागते.

खडूनंतर मेणखडू. इथं बाजार फसवतो. किनवटच्या आठवडी बाजारात पथारीवर जी स्वस्त रंगपेटी मिळते तिच्यातले खडू बारीक आणि कडक असतात. त्यांत मेण फार, रंग थोडा. लेकरू दाबतं, फिकट रेघ येते, आणखी दाबतं, खडू मोडतो, लेकरू रडकुंडीला येतं आणि आई म्हणते, याला चित्रकला जमत नाही. घ्यायचे तर जाड मेणखडू घ्यावेत, आणि बारा-चोवीस रंगांच्या पेटीपेक्षा गडद उठणारे पाच-सहा रंग पुरतात. तेलखडू आणखी मऊ, हलक्या हातानं भरपूर रंग देतो, पण हात, कपडे, भिंती सगळं माखतं, त्यामुळं तो चार वर्षांच्या पुढं आणि जुनं कापड हाताशी ठेवून. महाराष्ट्रात रंग म्हटलं की कॅम्लिनचा उंट आठवतो. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून हा उद्योग सुरू केला आणि तीन-चार पिढ्यांच्या दप्तरात त्यांचे रंग गेले. कंपनी कोणतीही असो, मी सेविकांना पेटीवर तीन गोष्टी वाचायला सांगते: कोणत्या वयासाठी, विषारी नसल्याची नोंद आहे का, आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे का. तिन्ही नसतील तर पेटी खाली ठेवायची. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालेलं आहे, आणि बोटांनी फासायच्या रंगांसाठी आयएस ९८७३ या मानकाचा वेगळा भागच आहे, भाग ७. बोटांचे रंग घ्यायचे असतील तर हे चिन्ह बघूनच.

वासाचं खोडरबर मी अंगणवाडीत येऊ देत नाही. आंब्याच्या, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, त्याच वासाचं, जेलीसारखं मऊ. आपणच त्याला खाण्याचं रूप द्यायचं आणि लेकरानं तोंडात घातलं की रागवायचं, हा कुठला न्याय? वासाचे स्केचपेन तसेच. लुकलुकणाऱ्या दिव्याचे पेन त्याहून वाईट, त्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते आणि ती गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. चमकी नको, थर्माकोलचे मणी नकोत. स्केचपेनाला टोपणाच्या वर छिद्र असावं, म्हणजे टोपण घशात गेलं तरी थोडी हवा जात राहते. तरीसुद्धा तीनच्या आतल्या मुलाला टोपणाचं काहीही देऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना जी कसोटी लावतात ती घरीही लावता येते: साधारण सव्वा इंच रुंदीच्या नळीत जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं.

या कसोटीशी एक गोष्ट भांडते आणि ती मोकळेपणानं सांगायला हवी. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला खडूचा लहान तुकडा दिला तर त्याची पकड सुधारते. तुकडा मुठीत धरताच येत नाही, अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढं येतात. म्हणून नवे कोरे खडू मोडून देणारी सेविका मला हुशार वाटते. पण त्याच खोलीत पावणेतीन वर्षांचं, सगळं तोंडात घालणारं लेकरू बसलेलं असतं. आमच्या एका सेविकेनं यावर वाट काढली. मे महिन्यात पत्र्याखाली मेणखडू वितळून एकमेकांना चिकटतात, तेव्हा तिनं ते तुकडे रंगवार वेगळे केले, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवले आणि मोडक्या इडलीपात्रात ओतले. इडलीएवढ्या जाड चकत्या झाल्या. लहान लेकरांना त्या पूर्ण पंजात धरता येतात, घशात जात नाहीत, मोडत नाहीत, आणि आडव्या धरून ओढल्या की पट्टाच्या पट्टा रंगतो. तुकडे मोठ्या मुलांच्या डब्यात, चकत्या लहानांच्या टोपलीत. ते इडलीपात्र अर्थातच पुन्हा स्वयंपाकात गेलं नाही.

आता रानातल्या साहित्याकडं येते, कारण ते आमच्या तालुक्याचं खरं वैभव आहे. किनवटचं जंगल सागाचं. सागाचं कोवळं पान हातावर चोळलं की तळवा लाल होतो. आमच्या लेकरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. त्या लालीचे ठसे कागदावर उमटतात. पानाची खरबरीत बाजू कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा घासला तर शिरांचं जाळं उमटतं, आणि लेकरू चकित होऊन पुन्हा पुन्हा घासतं. फाल्गुनात पळस फुलतो. फुलं पाण्यात भिजवली, उकळली की केशरी रंग. हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा, चुलीतल्या कोळशाचा काळा. कोलाम बांबूच्या टोपल्या, सुपं विणतात. त्यांच्याकडून बांबूच्या जाड कामट्या आणायच्या, टोकं घासून बोथट करायची, टोकाला कापूस किंवा चिंधी बांधायची, झाला कुंचला. मूठ जाड हवी असेल तर वर सुतळी गुंडाळायची.

हे करताना मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई १९४५ ला बोर्डीला आल्या. माँटेसरीचं महागडं साहित्य खेड्यात परवडणारं नव्हतं. त्यांनी आणि अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून तेच काम करून घेतलं, पुढं १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांबरोबर. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात न्यायची. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली. तिच्या केंद्रांना आज आपण ज्या नावानं ओळखतो ती अंगणवाडी या दोघींच्या कामातून आलेली आहे. प्रशिक्षणात नव्या सेविकेला मी हे आवर्जून सांगते. तुमची खोली लहान असेल, संच अपुरा असेल, पण तुमच्या हातातल्या कामाला फार मोठा वारसा आहे.

तरी घरचं आणि रानातलं म्हणजे निर्धोक, असं मी कधीच म्हणणार नाही. ही समजूत मोडायला मला सर्वात जास्त बोलावं लागतं. शेंदूर घ्या. देवाला लावतात, रंग इतका सुंदर, म्हणून एखादी ताई लेकरांच्या ठशांसाठी तो कालवते. अस्सल शेंदूर हा शिशाचा ऑक्साईड आहे. लेकरू बोट तोंडात घालतं आणि शिसं पोटात जातं. रक्तातल्या शिशाची लहान मुलांना चालेल अशी कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. देवाचा शेंदूर देवापाशीच राहू द्यावा. गुंजा घ्या. लालबुंद, टोकाला काळा ठिपका, मोजायला, चित्रावर चिकटवायला मोहात पाडणाऱ्या. त्यांच्या आत जहाल विष असतं, आणि ओवण्यासाठी भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज अख्ख्या गुंजेपेक्षा धोक्याची. एरंडी आणि चंद्रज्योतीच्या बियाही मोजणीच्या डब्यातून काढायच्या. बिब्ब्याचा काळा डाग कापडावरून जात नाही, परीट त्यानंच कपड्यांवर खुणा करायचे, म्हणून कुणाला तो शाईसारखा वापरावासा वाटतो. त्याच्या तेलानं कातडीवर फोड उठतात. रांगोळी दगडाची भुकटी आहे, ती चिमटीतून सोडताना उडते आणि श्वासात जाते. तीन वर्षांच्या मुलाला त्याऐवजी ज्वारीचं पीठ द्यावं. हळदसुद्धा गाठी घेऊन दळलेली. वसमत-हिंगोलीची हळद आपल्या उशाशी असताना बाजारातली झगमगीत पिवळी पूड, भेसळीची शंका असलेली, लेकराच्या बोटाला लावायची गरज नाही. मोजायला चिंचोके, सीताफळाच्या बिया असं काही ठेवू नका, असंही मी तीनच्या आतल्या मुलांबाबत सांगते. सीताफळाची बी विषारी आहे आणि चिंचोका नाकात जातो. मोठ्या मुलांना चिंचोके चालतात, समोर बसून.

कागदाचा प्रश्न सगळीकडंच असतो. पंचायतीतले, शाळेतले एका बाजूनं छापलेले कागद, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, दुकानातली खोकी उलगडून. आकार मोठा हवा, कारण हात खांद्यातून फिरतोय. लहान चौकोनी वहीत त्याला जागाच उरत नाही. सिमेंटच्या पिशव्यांचा कागद घेऊ नये. आतली भुकटी हाताला आणि डोळ्याला बाधते. कात्री बोथट टोकाची, आणि डावखुऱ्या लेकराला डाव्याच हातात. खडूही डाव्याच हातात. "डाव्यानं लिहिलं तर विद्या येत नाही" असं म्हणणाऱ्या आजोबांशी मी शांतपणे, पण ठामपणे बोलते.

मातीबद्दल दोनच ओळी. पोळ्याच्या आधी बैल करायला जी चिकण माती आणतात तीच वर्षभर ओल्या पोत्याखाली ठेवावी. मळणं, चिमटणं, शिंगं ओढणं यांत बोटांना जे बळ येतं ते कुठल्याही गिरवण्यात येत नाही.

आमच्याकडं या सगळ्याला आणखी एक पदर आहे, भाषेचा. घरात गोंडी, कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारं लेकरू अंगणवाडीत आलं की काही महिने गप्प असतं. सेविकेचं मराठी त्याला कळत नाही, त्याचं तिला कळत नाही. कोलाम तर महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांतले, बाहेरच्या माणसापुढं आधीच संकोचणारे. अशा लेकराच्या हातात मऊ खडू आणि मोठा कागद दिला की ते बोलायच्या आधी दाखवू लागतं. एका पोडातल्या मुलीनं कितीतरी दिवस फक्त गोल गोल रेघा काढल्या. सेविका रोज शेजारी बसून बघायची. एके दिवशी त्या गोलात मुलीनं आडव्या-उभ्या रेघा घातल्या आणि कोलामीत एक शब्द उच्चारला. सेविकेनं तो मदतनीसबाईला विचारला, ती त्याच पोडाची. टोपली. मुलीचा बाप टोपल्या विणतो. तिथून त्या दोघींचं बोलणं सुरू झालं. "काय काढलंस?" असं विचारून उत्तर मागू नये, "मला दाखव" म्हणावं आणि थांबावं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

रोडा केलॉग नावाच्या अमेरिकन बाईंनी जगभरातल्या लहान मुलांची लाखो चित्रं गोळा केली आणि गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार ओळखले: ठिपका, उभी रेघ, आडवी, तिरपी, वळणं, वेटोळी, गोल. त्याच खुणांतून पुढं सूर्य होतो, माणूस होतो आणि अक्षरही होतं. आपल्या देवनागरीत आहे तरी काय? उभा दंड, वरची आडवी रेघ, अर्धगोल, गाठ, तिरपा फराटा. ज्या लेकरानं हे सगळे आकार दोन वर्षं मनसोक्त, मोठे मोठे काढलेले असतात, त्याला ‘म’ किंवा ‘ग’ शिकवायला वेळ लागत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४ साली आणलेला ‘आधारशिला’ हा तीन ते सहा वर्षांचा अभ्यासक्रमही खेळावरच उभा आहे. गावात मात्र शेजारच्या इंग्रजी शाळेचा युनिफॉर्म घातलेलं, चार पानं गृहपाठ करणारं तीन वर्षांचं मूल दिसतं आणि आया अस्वस्थ होतात. त्यांची अस्वस्थता मला समजते. आपलं लेकरू मागं पडू नये, एवढंच त्यांना हवं असतं.

त्यावर नुसतं बोलून भागत नाही, दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक मुलाची चित्रं तारीख घालून सुतळीत ओवून ठेवायची पद्धत आम्ही पाडली. महिन्याच्या ईसीसीई दिनाला, म्हणजे लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या मेळाव्याला, आया येतात, खाली बसतात आणि आपल्या लेकराचे कागद जूनपासून उलटतात. कागदभर विस्कटलेली वेटोळी, मग कुठं तरी बंद झालेला पहिला गोल, मग गोलाला फुटलेले पाय. वाचता न येणारी आईसुद्धा ही वाढ वाचते. पाचव्या वर्षाच्या अखेरीला, बोटं हलताना दिसू लागली की मग पेन्सिल येते: जाड, तीन कडांची, टू-बी सारखी मऊ, आणि अख्खी लांब न देता अर्धी कापून. पहिलीच्या गुरुजींकडं जाताना ती सुतळीतली चित्रं मुलाबरोबर जातात.

मागच्या मेळाव्यात एका आईच्या कडेवर दीड वर्षाचं धाकटं होतं, थोरल्याचे कागद ओढत. "ताई, अन् या बारक्याला काय आणू बाजारातून?" काही आणू नको, म्हटलं. घरचा कुंचा धुऊन दे, गडूत चार बोटं पाणी, आणि ऊन उतरल्यावर पायरीवर बसव. पाण्याची बादली मात्र जवळ ठेवायची नाही, एवढं लेकरू वाकून डोक्यावर पडलं तर त्याला उठता येत नाही. पाणी संपलं की तूच गडू भरून दे.